कोकणी घराचा माळा

वैशाख अर्धा उलटला की पूर्वी आपल्याकडे घरोघर एकच घाई उडे, ती शाकारणीची. गवताचे छप्पर असेल तर कुजलेले गवत उतरवून नवे चढवावयाचे, नळ्यांचे असेल तर फुटके काढून बाकीचे परतावयाचे, पडवीला झापांचा आडोसा बांधावयाचा. ज्या मुलखात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे घराचा विचार छपरापासून सुरू व्हावा हे स्वाभाविकच होते. त्यामुळे कोकणी छपराकडे आपण नेहमी पावसाच्याच बाजूने पाहत आलो. मला आज त्याच्याकडे उन्हाच्या बाजूने पाहावयाचे आहे. आणि खरे म्हणजे छपरापेक्षाही त्याच्या पोटात जो माळा असे, आणि जो आपण गेल्या दोन-तीन पिढ्यांत घरातून काढून टाकला, त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. कारण त्या माळ्याची किंमत आपण हल्ली विजेच्या बिलात भरत आहो.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली ह्याच गावी झाला. त्या वेळी रत्नागिरीत मंगळुरी कौल कोणी पाहिलेले नव्हते, कारण ते जन्मालाच आले नव्हते. गरिबाच्या घरावर गवत किंवा पेंढा, आणि ऐपतदाराच्या घरावर गावच्या कुंभाराने घडविलेले नळे. गवताचे छप्पर म्हणजे काडी-काडीमध्ये अडकून राहिलेली हवा. ही स्थिर हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते, म्हणून भर दुपारीही झोपडीत गारवा असे. पण त्या गारव्याचे गोडवे गाताना एक ठिणगी पडली की आळीच्या आळी जळून जाई, हे विसरता कामा नये. नळ्यांना आगीचे भय नव्हते. एक ओळ उताणी व तिच्यावर दुसरी पालथी, अशा रचनेने मध्ये हवेची पोकळी राही आणि ऊनही पुष्कळ अडे. मात्र ते जागचे हलत, मांजर धावले तरी सरकत, आणि दरसाल परतावे लागत.

ह्या छपराखाली माळा असे. माजघराच्या डोक्यावर तुळया टाकून त्यांवर फळ्या, किंवा बांबूच्या कांबी बसवून वर मातीशेणाचा थर दिलेला. त्याच्या आणि आढ्याच्या मधल्या काळोखात घराचा सगळा बेगमीचा संसार: भात, आमसुले, जळण, पेंढा, मोडकी पाळणी. आंब्याची अढीही पुष्कळ घरी तेथेच घालीत. अढीला ऊब लागते, आणि मे महिन्यात घरातली सर्वांत उबदार जागा तीच. आमच्या घरी दुपारी माळ्यावर कोणी चढत नसे. वर जीव गुदमरे, आणि बरोबर त्याच्या खाली माजघरातल्या सारवलेल्या जमिनीवर आजी निवांत पदर अंथरून झोपलेली असे. सात-आठ फुटांच्या अंतरात दोन ऋतू! कौल तापे, त्याची धग माळ्यातल्या हवेत उतरे, तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई आणि वळचणीकडून दुसरी आत येई. उरलीसुरली उष्णता पेंढा, लाकूड आणि माती अडवून धरी. चुलीचा धूरही त्याच वाटेने जाई व जाताना वाशांना कीड लागू देत नसे.

घाटावरच्या लोकांनी हेच काम दुसऱ्या रीतीने केले. तेथे पाऊस थोडा, म्हणून धाब्याचे सपाट घर आणि माळवदावर मातीचा जाड थर. आपल्याकडे ती माती पहिल्याच आषाढात वाहून गेली असती. त्यांनी माती वापरली, आपण हवा वापरली.

१८६५ साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन गृहस्थांनी मंगळुरास जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही चपटी कौले गलबतांत भरून किनाऱ्याने उत्तरेकडे येऊ लागली, आणि आपल्यासारख्या बंदराच्या गावांना ती सोयीची पडली. (आपल्या जुन्या घराच्या कौलावर १८६५ हा आकडा पाहून ‘आमचे घर तेव्हाचे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे, घराचा नव्हे!) नव्या कौलाने दरसालचे परतणे पुष्कळ वाचविले. ते एकेरी बसे, म्हणून नळ्यांपेक्षा तापे अधिक. पण खाली माळा शाबूत असल्यामुळे हा तोटा कोणाच्या ध्यानात आला नाही. थिबा राजाचा १९१० सालचा राजवाडादेखील उतरत्या छपराचाच आहे.

मग सिमेंट आले. १९८२ साली सिमेंटवरील सरकारी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पुरते उठले. तोपर्यंत इमारती लाकूड महाग झाले होते, वाळवी होतीच, मुंबईकर चाकरमान्याला दर मे महिन्यात येऊन कौले पाहणे जमेना, आणि वानरांनी तर उच्छाद मांडला. ‘एकदा स्लॅब घातला की कटकट संपली’ असे जो तो म्हणू लागला. त्यांना दोष देणे मला जमणार नाही. ज्याने भर पावसात गळक्या घरात रात्रभर भांडी लावली आहेत त्याला स्लॅब म्हणजे काय हे समजते. परंतु माळा छपराबरोबर गेला, आणि तो आणखी काही काम करीत होता ह्याची आठवण कोणालाच राहिली नाही.

उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी, आपण घरी आलो म्हणजे, ते खोलीत ओतू लागतो. बाहेर खाडीवरचा वारा सुटलेला असतो आणि वरच्या मजल्यावर मध्यरात्रीपर्यंत छत धग सोडीत असते. पंखा तीच गरम हवा फिरवितो. मग वातानुकूलन यंत्र येते, वापर वाढतो, आणि जितकी युनिटे जास्त तितका पुढच्या टप्प्याचा दरही जास्त. ह्या जिल्ह्याला विजेचे मोल निराळे सांगावयास नको. कोयनेचे पाणी चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरून १९६२ पासून वीज देत आहे, आणि गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्प १९९९ साली सुरू होऊन विजेच्या दराच्याच भांडणात २००१ साली बंद पडला, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

थंड देशांना हा धडा १९७३ च्या तेलटंचाईने दिला. तेथे घरातली ऊब छपरातून निसटते, म्हणून त्यांनी माळ्यांत काचलोकरीचे जाड थर पसरले. आपले दुखणे उलटे, औषध मात्र एकच. आपल्या केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या ‘इको निवास संहिते’त छपरासाठी एक मर्यादा घातली आहे: आतबाहेर एका अंशाचा फरक असता चौरस मीटरमागे १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये. उघड्या स्लॅबमधून साडेतीन वॅटच्या आसपास येते. स्लॅबवर थर्माकोलसारख्या पदार्थाचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर, त्यावर कोबा, एवढ्याने ही मर्यादा गाठता येते. पाच सेंटिमीटर दिला तर आकडा एकाच्याही बराच खाली जातो. नुसता पांढरा चुना मारला तरी ऊन पुष्कळसे परत फिरते, पण आपल्या पावसात तो दरसाल मारावा लागतो. म्हणजे शाकारणी काही सुटली नाही.

ह्या हिशेबात शिरण्यापूर्वीच आपल्या लोकांनी एक गोष्ट करून टाकली आहे. स्लॅबही गळू लागला, तेव्हा त्यावर लोखंडी खांब उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घातले. गावातून फिरताना गच्चीवर पत्रा नाही असे घर शोधावे लागते. हे झाले पावसासाठी. पण ज्यांनी चारही बाजू मोकळ्या ठेवल्या त्यांच्या लक्षात आले की खालच्या खोल्याही निवल्या. ऊन पत्र्यावर अडते, मधून वारा वाहतो, स्लॅब सावलीत राहतो. ज्यांनी बाजू बंद करून वर खोली काढली, त्यांनी मात्र भट्टी तयार केली. पत्रा मजबूत बांधला पाहिजे हेही खरे. जून २०२० मधील निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्रे कसे उडाले ते ठाऊकच आहे.

गेल्या मे महिन्यात मी एका स्नेह्यांकडे गेलो होतो. दुपारची वेळ, वहिनींनी आंबे आणावयास मुलाला वर पाठविले. मीही त्याच्यामागून गेलो. पत्र्याखाली, गच्चीच्या एका कोपऱ्यात, पेंढा पसरून अढी घातली होती.