पुरणाआधीचा हमस

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्याच्या परिसरात रब्बीला काळ्या रानात हरभरा येतो, खरिपात थोडेफार तीळही निघतात. शिजवलेला हरभरा, वाटलेले तीळ, लिंबू, लसूण आणि मीठ एवढ्यावर हमस होतो. तो महाग का पडतो, याचे उत्तर मात्र या जिनसांत सापडत नाही.

2025-26 च्या विपणन हंगामात हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला 5650 रुपये आणि तिळाचा 9846 रुपये होता. हमस अख्ख्या दाण्याऐवजी डाळीचा करायचा म्हटला आणि भरडताना होणारी घट धरली तर 200 ग्रॅम डाळीला सुमारे 275 ग्रॅम हरभरा लागतो. त्याचे साडेपंधरा रुपये, 60 ग्रॅम तिळाचे सहा. शिजल्यावर डाळीचे वजन दुपटीच्या वर जाते. म्हणजे जवळपास अर्धा किलो हमस एकवीस-बावीस रुपयांच्या धान्यात होतो. भरडाई, लिंबू, गॅस निराळे. बाजारच्या डब्याला याच्या कित्येक पट मोजावे लागतात आणि ते पैसे मुख्यतः वेष्टनाचे, वाहतुकीचे आणि माल सतत थंड ठेवण्याचे असतात.

घरी केला तर पैसा गळतो तो इंधनात. काबुली हरभरा रात्रभर भिजवूनही कधी कधी शिट्ट्यांमागून शिट्ट्या घेतो. दाणा जुना आणि उन्हाळाभर उष्ण जागी साठवलेला असला की तो चिवट होतो. पाणी बोअरचे, जड असले तर त्यातले कॅल्शियम पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला बांधून टाकते. चिमूटभर खायचा सोडा हे बंध सैल करतो. जास्त पडला तर चव साबणासारखी लागते. लिंबाचे आम्ल नेमके उलट वागते, म्हणून ते शिजवून झाल्यावरच पिळावे.

माझ्या मते आपल्याकडे काबुलीचा आग्रह धरूच नये. देशी हरभऱ्याचे टरफल जाड असते हे खरे, पण डाळ केली की ते निघून जाते, भिजवण्याचा वेळ वाचतो आणि वाटण मऊ येते. शिवाय डाळ शिजवायची, कट काढायचा, उरलेली घोटायची ही रीत मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला पुरणामुळे ठाऊक आहे. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीतून गूळ घालण्याआधी दोन वाट्या बाजूला काढल्या तर हमसला वेगळा गॅस लागतच नाही. कट नेहमीप्रमाणे आमटीत जातो. काबुलीच्या हमसपेक्षा रंग पिवळा येतो आणि चव किंचित गोडसर लागते. लसूण थोडी वाढवावी. ठेचलेली लसूण लगेच लिंबाच्या रसात टाकली तर तिचा उग्रपणा आटोक्यात राहतो, कारण उग्र वास तयार करणारे विकर आम्लात मंदावते.

नासाडीचा प्रश्न पाण्याशी बांधलेला आहे. तयार हमस ओला असतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, आणि उन्हाळ्यात वीज वारंवार जात असेल तर तेवढाही भरवसा नाही. तिळाचे वाटण याच्या उलट. तिळात जवळजवळ निम्मे तेल आणि पाणी अगदी कमी, त्यामुळे हलके भाजून वाटलेले तीळ कोरड्या बरणीत काही आठवडे राहतात. भाजणे मात्र सांभाळावे, करपले की कडवट होतात. तेव्हा वाटण एकदाच करून ठेवावे आणि डाळ शिजेल त्या दिवशी लागेल तेवढेच कालवावे. भाकरीबरोबर खाऊन दुसऱ्या दिवशीही वाटीभर उरला, तर तो थालीपिठाच्या भाजणीत मळावा. लिंबू-लसूण त्यात आधीच असते, फक्त कांदा आणि तिखट घालावे लागते.