फील्ड पॅरामीटर म्हणजे काय? एकाच चार्टमध्ये डायमेन्शन कसं बदलायचं?

अँड्रॉइड फोनमधलं डिजिटल वेलबीइंग उघडून बघा. चार्टच्या वर एक ड्रॉपडाउन दिसेल. त्यात स्क्रीन टाइमऐवजी नोटिफिकेशन निवडलं की तोच चार्ट लगेच बदलतो, नवीन पान उघडावं लागत नाही. ऑफिसच्या रिपोर्टमध्येही लोकांना अशीच सोय हवी असते. ती पॉवर बीआयमध्ये कशी द्यायची ते आज बघूया.

आधी दोन शब्द समजून घ्या

मेजर म्हणजे मोजायचा आकडा. उदा. विक्री, ऑर्डरची संख्या. डायमेन्शन म्हणजे तो आकडा कशानुसार वाटून बघायचा ते. लक्षात ठेवायची सोपी युक्ती सांगतो: 'जिल्ह्यानुसार विक्री', 'महिन्यानुसार विक्री' यात 'नुसार' ज्याला लागतं ते डायमेन्शन. वेलबीइंगच्या ड्रॉपडाउनमध्ये आपण मेजर बदलतो. आज आपल्याला डायमेन्शन बदलायचं आहे.

माझी चूक

पहिल्या नोकरीत मला विक्रीचा रिपोर्ट करायला सांगितला होता. कुणाला तो जिल्ह्यानुसार हवा, कुणाला प्रॉडक्टनुसार, तर कुणाला सेल्समननुसार. मी एकाच चार्टच्या तीन कॉपी केल्या आणि बुकमार्कची बटणं लावली. बटण दाबलं की एक चार्ट दिसतो, बाकीचे लपतात. काम झालं असं वाटलं.

दोन महिन्यांनी परत आलेला माल विक्रीतून वगळायला सांगितलं. मी दोन चार्टवर फिल्टर लावला, तिसरा विसरलो. मीटिंगमध्ये बटण बदललं आणि एकूण विक्रीच बदलली! सरांनी एवढंच विचारलं, "यातला खरा आकडा कोणता?" चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली, पण पुढे कित्येक दिवस लोक माझा रिपोर्ट एक्सेलशी ताडून बघत होते.

फील्ड पॅरामीटर कसं बनवायचं?

हे फीचर मे २०२२ मध्ये प्रिव्ह्यू म्हणून आलं. स्टेप्स अशा:

१. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये मॉडेलिंग टॅबवर जा. न्यू पॅरामीटर आणि मग फील्ड्स निवडा.
२. नाव द्या. जिल्हा, प्रॉडक्ट, सेल्समन ही फील्ड्स यादीत घ्या.
३. पानावर स्लायसर जोडण्याच्या पर्यायावर टिक ठेवा आणि क्रिएट दाबा.
४. चार्टच्या एक्स ॲक्सिसवरचं जुनं फील्ड काढून तिथे हे पॅरामीटर टाका. विक्रीचं मेजर आहे तसंच राहू द्या.
५. स्लायसरच्या फॉरमॅटमध्ये सिंगल सिलेक्ट चालू करा. नाहीतर कुणी दोन पर्याय निवडले तर दोन्ही फील्ड्स एकाच चार्टवर येतात.

यामागे एक छोटं टेबल तयार होतं. प्रत्येक ओळीत दिसणारं नाव, नेमऑफ फंक्शनने दिलेला फील्डचा पत्ता आणि क्रमांक असतो. फॉर्म्युल्यात जाऊन दिसणारं नाव मराठीत लिहिलं तरी चालतं.

मुख्य फायदा असा की चार्ट एकच राहतो. फिल्टर एकदाच लावायचा. विसरायला दुसरी कॉपीच नसते.

हे नक्की तपासा

• टेबलांमधलं रिलेशनशिप: डायमेन्शनचं टेबल विक्रीच्या टेबलाशी जोडलेलं नसेल तर प्रत्येक बारवर एकूण विक्रीचाच आकडा दिसतो.
• युनिक ग्राहक: एकाच ग्राहकाने साबण आणि तेल दोन्ही घेतलं तर तो दोन्ही बारमध्ये मोजला जातो. त्यामुळे बारची बेरीज एकूण ग्राहकांपेक्षा जास्त येऊ शकते. ही चूक नाही, पण चार्टखाली तशी टीप लिहा.
• चार्टचा प्रकार: डायमेन्शन बदललं तरी चार्टचा प्रकार तोच राहतो. लाइन चार्ट महिन्यांसाठी ठीक आहे, पण साबणापासून तेलापर्यंत रेष ओढण्यात काही अर्थ नाही. वेगवेगळी डायमेन्शन्स असतील तर बार चार्ट घ्या.
• ड्रिलथ्रू आणि टूलटिप पान: तिथे पॅरामीटर चालत नाही, मूळ फील्ड्स वेगळी टाकावी लागतात.
• मोबाइल लेआउट: फोनसाठी वेगळा लेआउट करत असाल तर स्लायसरही तिथे ओढून ठेवा. नाहीतर फोनवर चार्ट दिसेल, पण तो बदलायची सोयच नसेल.

दुसरं टूल वापरत असाल तर?

टॅब्लोमध्ये पॅरामीटर बनवून केस लिहिलेलं कॅल्क्युलेटेड फील्ड वापरतात. क्लिक सेन्समध्ये चार्टलाच पर्यायी डायमेन्शन्स जोडता येतात.

शेवटी एक सांगतो. पर्याय तीन-चारच ठेवा आणि रिपोर्ट पाठवण्याआधी प्रत्येक पर्याय स्वतः निवडून बघा. विक्रीसारख्या साध्या बेरजेचा एकूण आकडा प्रत्येक वेळी तोच आला पाहिजे. मी त्या दिवशी हे दोन मिनिटांचं काम केलं असतं, तर सरांवर तो प्रश्न विचारायची वेळच आली नसती.