ठिपक्यांपासून थ्रीडी मॉडेल: मधली जागा कोण भरतं?

फोनने एखादी वस्तू थ्रीडी स्कॅन केली की स्क्रीनवर गुळगुळीत मॉडेल दिसतं. पण फोनने सगळा पृष्ठभाग मोजलेला नसतो. त्याच्याकडे असतात फक्त हजारो-लाखो सुटे ठिपके. यालाच पॉइंट क्लाउड म्हणतात. आयफोन १२ प्रो (२०२०) सारख्या फोनमध्ये लायडार सेन्सर ठिपके देतो. इतर फोनमध्ये ते वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या फोटोंवरून काढले जातात. मग सॉफ्टवेअर या ठिपक्यांवरून त्रिकोणांची जाळी, म्हणजे मेश बनवतं.

समजा, तुम्ही मातीचा माठ फक्त बाहेरून स्कॅन केलाय.

पद्धत १: बॉल पिव्होटिंग (१९९९)

ठिपक्यांवरून ठरावीक आकाराचा चेंडू फिरतोय असं समजा. तो तीन ठिपक्यांना टेकला आणि त्याच्या आत दुसरा ठिपका नसला, की तिथे एक त्रिकोण तयार. मग त्या त्रिकोणाच्या कडेवरून चेंडू पुढे कलंडतो आणि नवा ठिपका शोधतो. ठिपके फार लांब असतील तर तो काहीच जोडत नाही. तिथे भोक राहतं. माठाचं तोंड उघडंच राहतं.

पद्धत २: प्वासाँ रिकन्स्ट्रक्शन (२००६)

ही कझदान, बोलिथो आणि हॉप यांची. इथे प्रत्येक ठिपक्यासोबत नॉर्मल लागतो, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा. त्यावरून वस्तूची आतली जागा कुठली, बाहेरची कुठली, हे एकच मोठं गणित ठरवतं. दोन्हींमधली सीमा म्हणजे पृष्ठभाग. थोडीफार चूक असलेले ठिपकेही ही पद्धत सांभाळून घेते. पण तिला बंद आकार हवा असतो, म्हणून माठाच्या तोंडावर ती स्वतःच झाकण घालते!

मग विश्वास कशावर ठेवायचा?

मेशलॅब या मोफत कॉम्प्युटर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पद्धती आहेत. मी एकाच स्कॅनवर दोन्ही चालवून बघतो. पहिलीत भोक आणि दुसरीत छान पृष्ठभाग दिसला, की तिथले मूळ ठिपके तपासतो. ठिपकेच नसतील तर तो भाग मोजलेला नाही, अंदाजाने भरलेला आहे.

गेममध्ये असा अंदाज चालून जातो. पण थ्रीडी प्रिंटने सुटा भाग बनवायचा असेल किंवा जुन्या मूर्तीची झीज मोजायची असेल, तर त्या जागेचं माप घेऊ नका. तिथे पुन्हा स्कॅन करा.