म्हैसूरचा बाण

श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई रंगवलेली आहे. १० सप्टेंबर १७८०. पालखीत इंग्रजांच्या फौजेचा जखमी कर्नल बेली, आणि दारूगोळ्याच्या गाडीचा उडालेला भडका. गाड्या पेटल्या त्या म्हैसूरच्या हैदरअलीच्या फौजेच्या बाणांनी, म्हणजे रॉकेटांनी, असं अनेक इतिहासकार मानतात.

नातवाला मी या भिंतीपाशी मुद्दाम नेलं. आदल्या रात्री सिनेमातलं अंतराळयान पाहून त्यानं विचारलं होतं, "आजोबा, तिथे हवाच नाही, मग यान रेटा कशावर देतं?" चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना हाच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकू आला.

आमचं मूळ जमखंडीचं. दिवाळीतल्या रॉकेटला घरी आजही बाणच म्हणतात. म्हैसूरच्या बाणाची नळी मात्र कागदाची नव्हे, लोखंडाची होती: साधारण वीतभर लांब, कळकाच्या काठीला चामड्याच्या वादीनं बांधलेली. लोखंड जास्त दाब सोसतं, म्हणून दारू ठासून भरता येई आणि बाण दूर जाई. तोफ उडाली की गाडा मागे सरकतो. बाणात तोच धक्का बाणाला पुढे नेतो. नळीतून मागे फेकलेला वायूच त्याचा रेटा. हवेचा त्यात काही संबंध नाही, उलट ती अडवतेच.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडलं आणि तिथले बाण इंग्लंडला गेले. त्यांवरून विल्यम काँग्रीव्हनं आपली रॉकेटं बनवली. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो वूलिचच्या लष्करी अकादमीतला विल्यम मूर. १८१३ साली त्यानं रॉकेटच्या गतीवर पुस्तक काढलं, न्यूटनच्या नियमांवरून गणित मांडून. त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

कादंबरीकार ज्यूल व्हर्ननं १८६५ मध्ये आपल्या गोष्टीत चंद्राकडे माणसं धाडली ती मात्र तोफेतून. सगळा वेग नळीतच मिळायचा, म्हणजे निघता क्षणीच आतल्या माणसांचा चेंदा. पण पुढच्या भागात त्याच गोळ्यातले प्रवासी वाट बदलायला रॉकेटं पेटवतात. हे त्यानं अचूक लिहिलं. १९०३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीनं रॉकेटचं हेच तत्त्व सूत्रात बसवलं: वायू जितक्या वेगानं मागे, तितकं यान वेगवान.

सिनेमातली यानं मात्र इंजिन बंद पडताच थांबतात आणि घारीसारखी कलून वळतात. पोकळीत एकदा मिळालेला वेग टिकतो. थांबायचं तर यान उलटं फिरवून पुन्हा इंजिन पेटवावं लागतं. आणि वळायला पंख काय कामाचे? बाणाची काठीसुद्धा हवेमुळेच त्याला सरळ ठेवते. काठी मोडलेला बाण अंगणभर कसा गरगरतो, ते नातवानं दिवाळीत पाहिलं होतं.

घरी आल्यावर त्यानं वहीतल्या यानाचे पंख खोडले. दोन्ही कुशींना चार-चार बारक्या नळ्या काढल्या आणि त्यांची तोंडं कुठे वळवायची, ते मला विचारायला आला.