जूडशीतल: चुलीच्या विसाव्याचा दिवस

बिहारच्या मिथिलेत, मधुबनी जिल्ह्यातल्या माझ्या सासरी नवं वर्ष पाडव्याला लागत नाही. सूर्य मेष राशीत आला, की १४ एप्रिलच्या सुमारास सतुआइन येते: हरभऱ्याचं नि जवाचं सत्तू, कैरीची चटणी, गूळ आणि दान म्हणून पाण्यानं भरलेला मातीचा घडा. दुसऱ्या दिवशी जूडशीतल, म्हणजे नव्या वर्षाचा दिवस. आजेसासूबाईंना, म्हणजे आमच्या दादींना, या दुसऱ्या दिवसाबद्दल विचारलं, की संध्याकाळ कशी सरायची कळायचं नाही.

आदल्या रात्री त्या लोट्यात पाणी भरून ठेवत. उजाडायच्या आत आम्ही अंथरुणात असतानाच ते ओंजळीनं डोक्यावर थापत आणि म्हणत, ‘जुडायल रहू.’ गार राहा, सुखी राहा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या भांगातला सिंदूर भिजून कपाळावर ओघळला, तेव्हा मी तो पदरानं टिपू लागले, तर त्या म्हणाल्या, ‘कनियाँ (सूनबाई), आज पुसायचं नाही, आपोआप वाळू दे.’ मग तेच पाणी गोठ्यात, आंब्याच्या बुंध्याशी, अंगणात आणि पार दारापुढच्या रस्त्यावर. तुळशीवर बुडाला भोक पाडलेलं मडकं टांगलं जायचं आणि वैशाखभर थेंब थेंब ठिबकायचं, आपल्याकडे पिंडीवर गळती असते तसं.

त्या दिवशी चूल पेटत नाही. रात्री रांधून ठेवलेला भात आणि बेसनाच्या वड्या, म्हणजे बडी, घातलेली कढी सगळे शिळी खातात, आणि त्याआधी भात, बडी नि दही चुलीला वाहतात. माझ्या माहेरी श्रावणातल्या शीतला सप्तमीला असंच थंड जेवण असतं, म्हणून मी ते देवीचं व्रत समजून चालले होते. दादींनी मात्र मला पछियाची गोष्ट सांगितली. चैत्र-वैशाखात पश्चिमेचा हा कोरडा वारा सुटतो. तेव्हा सगळी घरं फुसाची, म्हणजे वाळक्या गवताची, भिंती कुडाच्या. एका चुलीतली ठिणगी उडाली, की दुपार कलायच्या आत टोलाच्या टोला, म्हणजे वस्तीच्या वस्ती, राख. त्यांच्या माहेरचा टोला असाच जळाला, आणि धान्याच्या कोठ्या त्यानंतरही कितीतरी दिवस आतून धुमसत होत्या. वर्ष सुरू होताना माणसं, झाडं, रस्ते भिजवायचे आणि विस्तवाला एक दिवस रजा द्यायची, हे मला तेव्हा पटलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये आगींनी माणसं दगावू लागली, तेव्हा बिहार सरकारनं गावकऱ्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत स्वयंपाक करू नका असं सांगितलं. बाहेरच्यांना तो फतवा विचित्र वाटला. मला वाटला नाही.

दादींच्या सासूबाईंची आठवण याहून जुनी. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात जमिनीतून वाळू नि पाणी उसळलं आणि विहिरी वाळूनं बुजल्या. त्या वर्षीच्या जूडशीतलला डोक्यावर घालायचं पाणी लांबच्या पोखरीवरून, म्हणजे तळ्यावरून, आणलं, आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक चुळकाच मिळाला. पण चुकवलं मात्र नाही कुणालाच, अगदी पाळण्यातल्या पोरालाही नाही.

दुपारी मुलं-माणसं पोखरीत उतरून एकमेकांना चिखलानं माखायची. त्या दंग्यात तळातला गाळ उपसला जायचा, पावसाआधी पोखर खोल व्हायची आणि तो गाळ शेतात पडायचा. मिथिलेचं सगळं जगणं पोखरींवर उभं आहे. मासा, मखाना, माणसांची नि गुरांची आंघोळ, सारं तिथलंच. दरभंग्यात हराही, दिग्घी, गंगासागर हे थोरले तलाव अजून आहेत, पण त्यांच्या काठांवर अतिक्रमणं झाली आहेत, आणि गावोगावच्या लहान पोखरी भर घालून बुजवल्या जाताहेत. आमच्या टोल्यातल्या धाकट्या पोखरीवर घरं उठली, तेव्हा दादी माझ्या सासऱ्यांवर कडाडल्या होत्या, ‘सण कराल, पाणी शिंपडाल, पण पोरांनी चिखल खेळायला उतरायचं कुठं?’ सासऱ्यांनी तेव्हापासून थोरल्या पोखरीसाठी पंचायतीत भांडण मांडलं आहे. ते अजून मिटलेलं नाही. पण दर जूडशीतलला टोल्यातली पोरं त्या पोखरीत उतरतात आणि टोपल्या भरभरून गाळ वर काढतात.