काय चावलं, ते कागदावर यायला हवं

पावसाळा आला की शेतात, गोठ्यात, परसात काय काय निघतं ते तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. कुणाला साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. नाव घेतलं की तो येतो, अशी जुनी समजूत. घरात असं बोललं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण दवाखान्याच्या कागदावर जेव्हा ‘काहीतरी चावलं’ एवढंच लिहिलं जातं, तेव्हा मात्र पुष्कळ बिघडतं. म्हणून आज आम्ही तुम्हाला एका यादीचा इतिहास सांगणार आहोत. माणूस कशाने आजारी पडला, कशाने जखमी झाला, कशाने गेला, हे लिहून ठेवणारी ही जगभराची यादी आहे. तिच्यात साप, विंचू, कुत्रा, बैल या सगळ्यांना आपापला खण आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडातल्या लंडन शहरात. साधारण चारशे वर्षांपूर्वी तिथे प्लेगच्या भीतीने दर आठवड्याला मेलेल्यांची यादी काढत. कोण कशाने गेलं हे बघायला घरोघर जायच्या त्या बाया, बहुतेक म्हाताऱ्या आणि गरीब. त्या प्रेत बघायच्या, घरच्यांना विचारायच्या आणि कारण सांगायच्या. ही मंडळी डॉक्टर नव्हती, पण मृत्यूचं कारण नोंदवण्याचं काम आधी त्यांनीच केलं. पुढे १६६२ साली जॉन ग्रॉण्ट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने या याद्या गोळा करून पुस्तक लिहिलं. त्याने छापलेल्या १६३२ सालच्या यादीत ‘पिसाळलेला कुत्रा चावून – १’ अशी नोंद आहे. ग्रॉण्टने एक तक्रारही लिहून ठेवली आहे. घरच्यांनी थोडी दारू पाजली आणि ठरल्यापेक्षा दुप्पट पैसे हातावर ठेवले, की या बाया लाज वाटणारा आजार झाकून दुसरंच कारण सांगत. म्हणजे खरं कारण लपवण्याची खोडही नोंदीइतकीच जुनी आहे.

इंग्लंडात १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. तिथे विल्यम फार नावाचा डॉक्टर आकडे बघायला बसला. त्याच्या लक्षात आलं की एकाच आजाराला तीन-चार नावं आहेत, आणि एकाच नावाखाली तीन-चार आजार लपलेत. मग मोजणार काय? धान्य मोजायचं तर पायली सगळीकडे सारखी हवी. फार सांगत राहिला की सगळ्यांनी एकच यादी वापरावी. अखेर १८९३ साली अमेरिकेतल्या शिकागोच्या परिषदेत फ्रान्सच्या जॅक बर्टिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि हळूहळू अनेक देशांनी ती घेतली. ती दर काही वर्षांनी सुधारायची असंही ठरलं. १९४८ मध्ये तिची सहावी आवृत्ती आली, तेव्हा ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे गेली. तोवर ही मुख्यतः मेलेल्यांची यादी होती. आता तिच्यात जिवंत रुग्णांचे आजार आणि जखमाही आल्या. १९९० साली दहावी आवृत्ती मंजूर झाली, आणि २०१९ साली अकरावी.

आता ही यादी चालते कशी, ते ऐका. तुमच्या घरात मसाल्याचा डबा असतो ना, तशी समजा. प्रत्येक कारणाला एक वाटी, आणि वाटीवर एक अक्षर आणि आकडा. त्याला ‘कोड’ म्हणतात. दहाव्या आवृत्तीत कुत्रा चावला तर डब्ल्यू ५४. उंदीर चावला तर डब्ल्यू ५३. विषारी साप चावला तर एक्स २०. विंचू असेल तर एक्स २२. गांधीलमाशी किंवा मधमाशी असेल तर एक्स २३. बैलगाडीतून जाताना अपघात झाला तर तो व्ही ८० मध्ये जातो.

यात एक खुबी आहे. जखमेला एक कोड असतो आणि ती कशामुळे झाली याला दुसरा. साप चावून अंगात विष भिनलं, तर ‘सापाचं विष’ याचा कोड टी ६३.०, आणि ‘विषारी सापाचा संपर्क’ याचा एक्स २०. पहिला कोड डॉक्टरला सांगतो की अंगात काय झालंय. दुसरा गावाला, सरकारला सांगतो की हे टाळायचं कसं. त्याच्यापुढे आणखी एक आकडा लागतो, तो जागेचा. घरात घडलं तर शून्य, रस्त्यावर घडलं तर चार, शेतावर घडलं तर सात. तालुक्यातल्या नोंदींत ‘सात’ जास्त दिसले तर गमबूट आणि बॅटरीची गरज आहे. ‘शून्य’ जास्त दिसले तर जमिनीवर झोपणाऱ्यांना खाट आणि मच्छरदाणी हवी. एवढ्याशा आकड्यात एवढी माहिती बसते.

पण ही यादी कुणी बनवली, तेही तिच्यात दिसतं. गाय, बैल, म्हैस, मांजर, घोडा आणि वाघ हे सगळे दहाव्या आवृत्तीत एकाच खणात, डब्ल्यू ५५ मध्ये बसवलेत. आपल्याकडे बैलाने शिंग मारलं आणि वाघाने हल्ला केला, यात जमीन-अस्मानाचा फरक. उलट अमेरिकेने २०१५ पासून स्वतःसाठी याच यादीचा जो बारीक विस्तार वापरायला घेतला, त्यात गायीची धडक वेगळी, आणि बदकाची धडकसुद्धा वेगळी! ऐकून हसू येतं. पण ज्याच्या घरी मोजणारा आहे, त्याच्या बदकालाही नंबर मिळतो. ज्याच्या घरी मोजणारा पोचलाच नाही, त्याचा नागही मोजला जात नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. इंग्रजांच्या काळात कलकत्त्यात जोसेफ फेरर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली. १८६९ या एका वर्षात देशाच्या साधारण अर्ध्या भागातून सापाच्या दंशाने ११,४१६ माणसं गेल्याचा आकडा जमला. १८७२ मध्ये त्यांनी विषारी सापांवर मोठा ग्रंथ छापला. पुढे सरकार दरवर्षी साप आणि हिंस्र जनावरांनी मारलेल्या माणसांचा आकडा काढू लागलं. सापाचे बळी साधारण वीस हजारांच्या घरात दिसत. पण ही खबर कुठून यायची? गावच्या पाटलाकडून, चौकीदाराकडून. तो डॉक्टर नव्हता. त्याच्यापुढे रकाने मोजकेच असत: पटकी, देवी, ताप, जुलाब, इजा असे. काही कळलं नाही की माणूस ‘ताप’ या रकान्यात जाई. मण्यार चावते ती बहुधा रात्री, झोपेत. खूण नीट दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. असा माणूस ‘पोटदुखीने गेला’ म्हणून लिहिला गेला, तर सापाचा आकडा एकाने कमी झाला.

नोंद नीट ठेवली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात लाल विंचवाने माणसं दगावत, लेकरं जास्त. विंचवाने जीव जातो तो नेमका कसा, हे नीट कुणाला माहीत नव्हतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथे सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना एकेका रुग्णापाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या लक्षात आलं की विष हृदयावर ताण आणतं आणि फुप्फुसात पाणी होतं. मग १९८०च्या दशकात त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून पाहिली. मृत्यू खूपच कमी झाले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचीही या कामात साथ होती. २०२२ साली हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातात सुरुवातीला मोठं यंत्र नव्हतं. वही होती आणि चिकाटी होती.

सापाचा खरा आकडा कळायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं. ‘दहा लाख मृत्यू अभ्यास’ नावाचं देशभराचं मोठं काम झालं. त्यात प्रशिक्षित माणसं मृत्यू झालेल्या घरी गेली आणि घरच्यांना विचारलं: काय झालं होतं, कधी झालं, कुठे झालं? घरच्यांनी आपल्या भाषेत सांगितलं ते लिहून घेतलं. मग दोन डॉक्टरांनी ते वेगवेगळं वाचून कोड दिला. लंडनच्या त्या बाया करायच्या तेच काम, पण पैसे चारून कारण बदलता येणार नाही अशा पद्धतीने. २०११ मध्ये निष्कर्ष छापला गेला. २००५ या वर्षात देशात सापाच्या दंशाने अंदाजे ४५,९०० मृत्यू झाले होते. सरकारी दवाखान्यांच्या आकड्यापेक्षा हा कितीतरी पटीने मोठा. शंभरातले ९७ मृत्यू खेड्यातले. शंभरातले ७७ दवाखान्याबाहेर झालेले. म्हणजे यादीत खण होता, पण माणूस खणापर्यंत पोचतच नव्हता. नंतर २०२० साली आणखी एक हिशोब आला: २००० ते २०१९ या काळात अंदाजे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

हे आकडे पुढे आल्यावर चक्रं हलली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या वरच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची प्रत्येक केस आणि मृत्यू सरकारला कळवणं बंधनकारक करा. कारण उघड आहे. कुठल्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती बाटल्या ठेवायच्या, हे मागच्या वर्षीच्या नोंदीवरूनच ठरतं. नोंद नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर ऐन वेळी बाटली नाही.

आता आपल्या हातात काय आहे, ते बघू. पहिलं काम जीव वाचवायचं, कागद नंतर. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता, दोरी न आवळता, चिरा न मारता थेट दवाखाना. सापाच्या मागे धावायचं नाही. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लशीचे सगळे डोस पुरे करायचे. कारण रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. मग त्याची नोंदही कुत्र्याच्या खणात होत नाही, रेबीजच्या, म्हणजे ए ८२ मध्ये होते.

दवाखान्यात पोचल्यावर एकीने बोलायचं काम करावं. काय चावलं, किती वाजता, कुठे, हे तीन मुद्दे स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर आलेत का ते वाचून घ्या. ‘पान लागलं’ म्हणू नका, ‘साप चावला’ म्हणा. दिसला नसेल तर ‘दिसला नाही, पण रात्री जमिनीवर झोपले होते, पहाटेपासून पोटात दुखतंय’ असं सांगा. नुसतं ‘अज्ञात’ लिहिण्यापेक्षा एवढं वर्णन डॉक्टरला उपयोगी पडतं.

आणि दुर्दैवाने माणूस गेलाच, तर एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. कारण लिहिलेलं असतं ते डॉक्टरच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आता त्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्या. शेतकरी अपघात अनुदानासारख्या योजनांत सर्पदंश आणि विंचूदंश धरलेले आहेत. पण अर्ज करताना मृत्यू त्यानेच झाला हे कागदाने दाखवावं लागतं. नवरा गेलेल्या बाईपाशी तेव्हा रडायलाही सवड नसते. म्हणून केसपेपर, शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि हे प्रमाणपत्र एका पिशवीत घालून गटातल्या एखादीने जपून ठेवावं.

गटाच्या वहीत आपण बचतीचा रुपयान् रुपया लिहितो. तिच्यातच शेवटची दोन पानं यासाठी ठेवा. वाडीत कुणाला काय चावलं, कधी, कुठे, किती वेळात दवाखाना गाठला, तिथे औषध होतं का. वर्षाअखेरीस ती पानं ग्रामसभेत वाचा आणि आरोग्य केंद्राला द्या. आशाताईंना सोबत घ्या. पुढच्या मृगाच्या आधी तुमच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष किती आहे, हे विचारायला तुमच्याकडे मग आकडा असेल. चला तर मैत्रिणींनो, अंधारात बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नमस्कार.