चिकोडीचे जमीन-दप्तर आणि मागणी मांडणारा मध्यस्थ

चिकोडी तालुक्याच्या जमीन-दप्तराचा इतिहास सहसा सारा, मालकी आणि सीमावाद या तीन अंगांनी मांडला जातो. दप्तराकडे मागणी कोणी करायची आणि ती कोणत्या साच्यात बसवायची, हे चौथे अंग मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बरेचसे सुटले आहे. वास्तविक दप्तर बदलले की त्याच्याशी बोलण्याची रीत बदलते आणि ती रीत जाणणारा नवा मध्यस्थ उभा राहतो. संगणकाच्या व्यवहारात ज्याला ‘क्लायंट लायब्ररी’ म्हणतात, म्हणजे दूरच्या यंत्रणेकडे तिच्याच नियमांनी मागणी करण्यासाठी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅमचा संच, तो या मालिकेतील सर्वांत अलीकडचा मध्यस्थ होय.

मालिकेच्या आरंभी गावचा वतनदार कुलकर्णी दिसतो. 1836 मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा अस्तित्वात आला आणि पुढे विंगेट व गोल्डस्मिड यांच्या मोजणीपद्धतीने, जिचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, जमिनीला सर्व्हे नंबर मिळाले. नंबर सरकारचा असला तरी त्यामागची माहिती मोडी लिपीतल्या दप्तरात होती आणि मोडी वाचणारा माणूस गावात बहुधा एकच असे. 1903 च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली, फेरफाराची, म्हणजे खरेदी, वारसा किंवा वाटणीमुळे होणाऱ्या बदलाची, नोंदवही आली, तरी आपले म्हणणे नोंदीच्या भाषेत बसवून घेण्यासाठी कुणब्याला कुलकर्ण्याच्याच ओसरीवर जावे लागे. कुलकर्ण्याला केवळ पिळवणूक करणारा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्या आरोपात तथ्यही आहे. परंतु विस्कळीत तोंडी हकिकतीचे रकान्यांत मावेल असे रूप करणे हे कौशल्याचे काम होते, आणि 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली तेव्हा माणूस गेला, कामाची गरज गेली नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून चिकोडी म्हैसूर राज्यात गेली आणि 1964 च्या महसूल कायद्यानंतर सातबाराच्या जागी ‘आरटीसी’ आली. हक्क, कूळवहिवाट आणि पीक यांचा हा एकत्र उतारा लोकांच्या बोलण्यात ‘पहाणी’ या नावाने रुळला. तालुक्यातील मराठी भाषक शेतकऱ्याच्या दृष्टीने साचा आणि लिपी दोन्ही बदलले. कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखक, ज्याला या भागात बाँड रायटर म्हणतात, त्याचे महत्त्व वाढले ते यामुळेच. मराठीत ऐकायचे आणि कन्नडमध्ये अर्ज लिहायचा, ही त्याची रोजची कामगिरी होती.

शतक बदलताना कर्नाटक शासनाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ‘भूमी’ प्रकल्प राबवला. 177 तालुक्यांतील सुमारे 67 लाख खातेदारांचे जवळजवळ दोन कोटी उतारे संगणकावर आले, पंधरा रुपयांत छापील उतारा मिळू लागला आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता संपली. आता विचारणारा माणूसच असला पाहिजे असे राहिले नाही, बँकेचा किंवा दुसऱ्या खात्याचा संगणकही विचारू शकत होता.

संगणकाने संगणकाला विचारण्याच्या ठरीव रीतीला ‘एपीआय’ म्हणतात, आणि इंटरनेटवरून चालणारी ती वेब एपीआय. प्रोग्रॅमचे तयार तुकडे साठवून पुन्हा वापरण्याची, म्हणजेच लायब्ररीची, कल्पना जुनी आहे. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावरील आपल्या 1951 च्या पुस्तकात अशा संग्रहाचे शास्त्र मांडले होते, आणि दूरच्या यंत्रावरचे काम जवळचेच असल्यासारखे भासवणारा मधला तुकडा बिरेल व नेल्सन यांनी 1984 मध्ये तपशिलाने वर्णिला. 2000 मध्ये रॉय फील्डिंग यांनी प्रबंधात ‘रेस्ट’ ही शैली मांडल्यानंतर वेब एपीआय फोफावल्या. भारत सरकारचे खुल्या एपीआयचे धोरण 2015 चे आहे.

लायब्ररी नेमके काय करते हे उताऱ्याच्या मागणीवरूनच पाहता येते. भूमीत उतारा शोधताना जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, ‘सरनोक’ हा उपक्रमांक आणि हिस्सा अशी उतरंड भरावी लागते. होबळी, म्हणजे तालुक्यातील गावांचा गट, हा जुन्या म्हैसूरचा शब्द, मुंबई इलाख्याच्या सवयीतले लोक अजून सर्कल म्हणतात, आणि उपक्रमांक नसेल तेथे रकाना मोकळा न सोडता तारका निवडायची असते. असे बारकावे प्रत्येक प्रोग्रॅमरने नव्याने शिकावेत हे वेळखाऊ असते. चांगली लायब्ररी ते पोटात घेते: पत्ता जुळवते, ओळखीचे टोकन जोडते, उत्तरात 401 हा संकेतांक आला तर ओळख पटली नाही, 404 आले तर मागितलेली वस्तू नाही, 429 आले तर मागण्या फार झाल्या, हे समजून थांबते किंवा पुन्हा प्रयत्न करते, आणि आलेले उत्तर सुटसुटीत रकान्यांत मांडून देते. साचा मात्र कचेरीच ठरवते. मुद्रांक व नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ या संगणक प्रणालीची जागा 2023 मध्ये ‘कावेरी 2.0’ने घेतली, असे बदल झाले की जोडलेल्या प्रत्येकाला आपली बाजू दुरुस्त करावी लागते, आणि मधला संच एकच असेल तर ती दुरुस्ती एकाच जागी होते.

आज खरेदीखत नोंदले की कावेरीतून भूमीकडे सूचना जाऊन फेरफाराचे काम सुरू होते, तर शेतकरी नोंदणीच्या ‘फ्रूट्स’ प्रणालीतून बँका जमिनीचा तपशील पाहतात आणि पीककर्जाचा बोजा चढवण्याची मागणी करतात. सीमाभागाची खरी अडचण येथे उघडी पडते. ‘पाटील’ कन्नडमध्ये लिहिताना शेवटचा ल पूर्ण ठेवावा की त्याचा पाय मोडावा, याविषयी लिहिणाऱ्यांत एकवाक्यता नाही, ‘देसाई’ तर सर्रास ‘देसायि’ होतात; माणसाला दोन्ही रूपे एकच वाटतात, परंतु अक्षरास अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी माणसे असतात. आधारवरचे नाव आणि पहाणीतले नाव न जुळल्यास लायब्ररी ते प्रामाणिकपणे कळवते, त्यापलीकडे तिचा अधिकार नाही. कुलकर्णी अशा वेळी खातेदाराला चेहऱ्याने ओळखत असे, ही त्याची सोयही होती आणि सत्ताही. आता दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात कागदपत्रांसह अर्ज द्यावा लागतो, आणि तो मंजूर होऊन नोंद बदलेपर्यंत बँकेच्या प्रोग्रॅमने कितीही वेळा विचारले तरी उत्तर जुनेच येते.